साबुदाणा आणि दोन मुकी बटणं

नमस्कार मंडळी. मोबाईलच्या अ‍ॅपमधल्या बटणांना नावं कशी द्यावीत यावर आज बोलायचंय, पण आधी मामांची गोष्ट सांगते.

माझ्या मामांना दिसत नाही, पण फोन झरझर चालवतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर, बोट ठेवाल ते वाचून दाखवतं आणि दोनदा टॅप केलं की बटण दाबलं जातं. तर संकष्टीच्या आदल्या दिवशी मामांनी किराणाच्या एका अ‍ॅपवरून साबुदाणा घेतला, एक किलोच्या जागी दोन झाला म्हणून कमी करायला गेले. बोट फिरवलं तर फोन म्हणतो, "बटण". मग "दोन". मग परत "बटण". आता यातलं वजाचं कुठलं आणि अधिकचं कुठलं? मामांनी अंदाजाने एक दाबलं, फोन गप्प, त्यांना वाटलं दाबलंच गेलं नाही, म्हणून परत दाबलं, परत दाबलं. दुसऱ्या दिवशी दारात पाच किलो साबुदाणा! मामी काही बोलली नाही, पण मामा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "अगं, मला त्याने सांगितलंच नाही."

साबुदाणा ठीक आहे हो, पण मेथीची जुडी मात्र कुणीच मोबाईलवरून मागवू नये, ती हातात घेऊन, देठ मोडून बघूनच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

असो. टॉकबॅकच्या मेनूतून त्या दोन बटणांना मी नावं दिली, पुढच्या अपडेटमध्ये ती गेली. म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यानेच नाव द्यायला हवं. "साबुदाणा वाढवा", "साबुदाणा कमी करा", बस. नुसतं "वाढवा" नको, यादीत दहा वस्तू असतात. नाव लांबवूही नका, मराठीत क्रियापद शेवटी येतं, तोवर ऐकणारा ताटकळतो. आणि नावात "बटण" लिहू नका, तो शब्द टॉकबॅक स्वतःच लावतं, नाहीतर "बटण, बटण" ऐकू येतं. परत सांगते, आधी वस्तू, मग काम, "बटण" नाही. आणि आकडा बदलला की तो बोलून दाखवला गेलाच पाहिजे.

तुमच्या घरात कोणी अ‍ॅप बनवत असेल तर त्यांना सांगा, टॉकबॅक चालू करा, स्क्रीनवर रुमाल टाका आणि दोन किलो साबुदाण्याचा एक किलो करून बघा.