समुद्र, तुरुंग आणि सुटकेनंतरचा दिवस

[दृश्य: अलिबाग, हिराकोट तलावाचा काठ]

तलावाशेजारी दिसतो तो हिराकोट. आंग्र्यांच्या काळातला, काळ्या दगडांचा. १८४० मध्ये इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केलं आणि पुढे या कोटाचा तुरुंग झाला. अलिबागचं जिल्हा कारागृह ते हेच.

आतल्या माणसाचं करायचं काय? अद्दल घडवायची, की माणूस घडवायचा?

[दृश्य: उघडा समुद्र, दुपार]

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तुरुंग म्हटलं की काळं पाणी आठवतं. अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ साली पूर्ण झालं. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती, आणि प्रत्येक कोठडीचं तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये, म्हणून. दिवसभर कोलू फिरवून तेल गाळायचं. समुद्र होता तो फक्त वाट अडवायला.

नॉर्वेतलं बास्टॉय हेही बेटच, ओस्लोच्या खाडीतलं. १९०० पासून तिथे मुलांचं सुधारगृह होतं, सुधारगृह नावापुरतंच. १९१५ मध्ये मुलांनी बंड केलं, ते मोडायला लष्कर आणावं लागलं. आज त्याच बेटावर खुला तुरुंग आहे. बंदी गाईंचं बघतात, भाजी पिकवतात, लाकूड तोडतात. कुऱ्हाड त्यांच्याच हातात! यात खुनाची शिक्षा झालेलेही असतात. शिक्षेचा शेवटचा टप्पा ते इथे काढतात. नॉर्वेत नेहमीच्या शिक्षेची कमाल मुदत २१ वर्षं. म्हणजे बहुतेक जण कधी ना कधी बाहेर येणार, कुणाच्या तरी शेजारी राहायला जाणार. सगळी तयारी त्या दिवसाची.

नॉर्वेत सुटल्यावर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० टक्के निघालं. अमेरिकेतल्या ३० राज्यांत २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली. एकीकडे शिक्षा मोजली आहे, दुसरीकडे नुसती अटक, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येत नाही. तरी कठोर तुरुंगाने माणूस धडा शिकतो, असं या ६८ टक्क्यांकडे बघून म्हणवत नाही.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाने उलटी वाट धरली, सरसकट धरपकडीची. तिथे टोळ्यांचा धुमाकूळ थांबला, खून खूप कमी झाले, हे मान्य करायलाच हवं. ज्या आईचा मुलगा टोळीने मारला, तिला नॉर्वेचे दाखले देणं मला जमणार नाही. पण मार्च २०२२ पासूनच्या आणीबाणीत निरपराध माणसंही आत गेली. आणि २०२३ मध्ये उघडलेल्या, ४०,००० कैद्यांच्या तुरुंगात घरच्यांची भेटसुद्धा नाही.

[दृश्य: घाटरस्ता, मग माणदेशातली शेतं]

‘आपल्याकडे नॉर्वेसारखं चालायचं नाही,’ असं पटकन म्हटलं जातं. अहो, चाललंय! १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. पुढाकार पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांचा, पाठबळ औंधच्या राजांचं. बंदी शेती करतो, बायकापोरं त्याच्यासोबत राहतात. ही खुली वसाहत आजही आहे.

[दृश्य: बंदरावर जाळी विणणारे हात]

पण आपलं खरं दुखणं वेगळंच आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतले जवळपास ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते. कच्चे कैदी. गुन्हा शाबित नाही, म्हणून शिक्षा नाही. आणि सुधारणेच्या योजनांचा रोखही मुख्यतः पक्क्या कैद्यांकडे. समजा, एखादा खलाशी मारामारीच्या गुन्ह्यात आत गेला. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात, बोटीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, दुसरा गडी घेतो. याच्या घरचा हंगाम बुडाला, खटला अजून उभाच राहिलेला नाही. त्याला ही अद्दल कशाची?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कलम ४७९ आहे. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामीन मिळू शकतो. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले असतील तरी अडतं. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांनीच न्यायालयात करायचा असतो. आपलं माणूस आत असेल तर तारखा मोजून ठेवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.