पान नरमलं का?

(पडद्यावर: उंच लाकडी कोठार. फळ्यांच्या फटींतून आत येणारा उजेड. वर आडव्या काठ्यांना उलटी टांगलेली तंबाखूची झाडं.)

अठराव्या शतकातली ऑक्टोबरची एक पहाट. रात्रभर धुकं पडलंय. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या या कोठारात एक माणूस हात वर करतो, टांगलेलं तंबाखूचं पान दोन बोटांत धरतो आणि हलकेच ताणतो. काल दुपारी हेच पान पापडासारखं मोडत होतं. आज ते पातळ चामड्यासारखं ताणलं जातंय. नरमलंय. उतरवायचं तर आत्ताच, कारण हवा कोरडी झाली की पुन्हा चुरा होणार. आणि जास्तच ओलं असताना उतरवलं, तर पिपात कुजून लंडनला नुसता चिखल पोचणार.

हा माणूस गुलाम आहे. वर्षभराच्या पिकाचं काय करायचं, ते मात्र त्याच्या या दोन बोटांवर ठरतं.

(पडद्यावर: जेम्स नदीचं पात्र, जुना नकाशा.)

व्हर्जिनियातली जेम्सटाउन ही वसाहत इंग्रजांनी १६०७ साली वसवली, ती सोन्याच्या आशेनं. सोनं सापडलं नाही. १६०९च्या हिवाळ्यात माणसं उपासमारीनं मेली. त्यानंतर काही महिन्यांनी जॉन रॉल्फ तिथे पोचला. इथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची मुलगी पोकाहोन्टास, तिच्याशी पुढे लग्न करणारा, तोच हा. वाटेत जहाज बर्म्युडाच्या खडकांवर फुटलं होतं आणि तान्ही मुलगी तिथेच गेली होती.

इथले मूळचे पाउहॅटन लोक तंबाखू लावत, पण तिची चव कडक, घशाला लागणारी. इंग्लंडला चटक होती स्पॅनिश वसाहतींतल्या गोडसर पानाची. रॉल्फनं १६१२च्या सुमारास कॅरिबियनकडच्या त्या जातीचं बी लावून पाहिलं आणि ते रुजलं. १६१७ साली व्हर्जिनियातून सुमारे २०,००० पौंड वजनाची तंबाखू इंग्लंडला गेली. त्याच वर्षी आलेल्या सॅम्युएल आर्गल या नव्या कारभाऱ्याला गावात काय दिसलं? रस्त्यांत तंबाखू, बाजाराच्या चौकात तंबाखू. मका लावायला कुणी तयार नाही. आधी मका, मग तंबाखू, असा हुकूम तर वर्षभरापूर्वीच निघाला होता! बायकासुद्धा तंबाखूच्या हिशेबात आल्या. १६२०च्या आसपास लग्नासाठी इंग्लंडहून आणलेल्या मुलींचा प्रवासखर्च नवऱ्यानं भरायचा, माणशी १२० ते १५० पौंड पानं.

(पडद्यावर: विजापूर. दगडी कमानी.)

आपल्याकडे हे पान याच्याही आधी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. आपला ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांचाच. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापुराहून अकबराच्या दरबारी परतला, तेव्हा त्यानं बादशहाला तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नजर केली. वैद्यांनी हरकत घेतली, बादशहानं तरीही दोन-चार झुरके मारले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं त्याच १६०४ साली तंबाखूला शिव्या घालणारी पुस्तिका लिहिली. पुढे याच राजाच्या नावाच्या गावानं तंबाखूवर पोट भरलं.

(पडद्यावर: मातीत राखेबरोबर मिसळलेलं बी. वाफे.)

तंबाखूचं बी इतकं बारीक, की चमचाभर बियाण्यात हजारो दाणे. म्हणून ते राखेत किंवा वाळूत मिसळून फेकायचं. हिवाळा सरता सरता वाफे, मे महिन्यात पावसाची सर पडली की रोपांची लावण. प्रत्येक रोपासाठी कुदळीनं मातीचा वेगळा ढीग. मग शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढायचे, पानापानावरच्या हिरव्या अळ्या हातानं वेचायच्या. त्या फस्त करायला काही मळेवाले शेतात टर्की पक्षी सोडत.

ऑगस्टमध्ये तोडणी. सुरुवातीच्या वर्षांत तोडलेल्या झाडांचे ढीग घालून वर गवत टाकत, आत ऊब धरायची आणि बराच माल सडायचा. लॅम्बर्ट नावाच्या वसाहतकऱ्यानं पानं दोरीवर टांगून पाहिली. पुढे दोरीच्या जागी काठ्या आल्या आणि कोठारं उंच होत गेली. चार ते सहा आठवडे नुसत्या वाऱ्यावर पान हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी होतं. हवा फारच दमट असली तर खाली मंद जाळ करत, पण वर सगळं वाळलेलं! एक ठिणगी, आणि पिकासकट कोठार खलास.

नरमलेली पानं खोडावरून सोलायची, जुड्या बांधायच्या, आणि लांब दांड्याच्या तरफेनं पिपात दाबायच्या. अठराव्या शतकात एका पिपात साधारण हजार पौंड माल मावायचा. ही पिपं आडवी करून, बैल किंवा घोडा जुंपून धक्क्यापर्यंत लोटत नेत.

एवढी मेहनत करायला हात कुठून आले? आधी इंग्लंडमधले गरीब, काही वर्षांच्या कराराने बांधलेले. ऑगस्ट १६१९मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. अंगोलातून धरून नेलेली आणि पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली ‘वीस आणि काही’ आफ्रिकी माणसं तिथे अन्नधान्याच्या बदल्यात देण्यात आली. हे कळवणारं पत्र जॉन रॉल्फचंच आहे. त्यात माणसांचा आकडा आहे, नावं नाहीत. शतकाच्या अखेरीपासून करारातले गोरे मजूर कमी होत गेले आणि मळे गुलामांच्या हातांवर चालू लागले. रात्री शेकोटीच्या उजेडात पानं सोलायचं कामही त्यांचंच.

(पडद्यावर: वखार. मोडून उघडलेलं पीप.)

१७३०च्या कायद्यानं प्रत्येक पीप सरकारी वखारीत उघडून तपासलं जाऊ लागलं. वाईट माल जाळायचा, चांगल्याची पावती द्यायची. ही पावती नोटेसारखी हातोहात फिरायची; कर तिच्यात, देणी तिच्यात. पाद्रीबुवांचा पगार तर वर्षाला १६,००० पौंड तंबाखू असा ठरलेलाच होता.

पीप बंद करताना फळीवर तापलेल्या लोखंडानं अक्षरं डागत. ती मालकाच्या नावाची. लंडनचा व्यापारी त्या खुणेवरून भाव सांगायचा आणि खूण नावाजलेली असली की मालकाची मान ताठ व्हायची.

कोठारात अजून शेवटची पिपं दाबली जातायत. बाहेर जानेवारीची थंडी आहे, झाडं तोडून मोकळ्या केलेल्या तुकड्यावर फांद्या जाळतायत, आणि तोच माणूस गार झालेल्या राखेत नवं बी कालवतोय.