लाल पेन आणि कोपी

नमस्कार मंडळी. मी एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, 19 वर्षं झाली. मला नेहमी विचारतात, बाई, त्याच त्याच विषयावरचे 52 निबंध तपासून कंटाळा येत नाही का हो? येतो की! खोटं कशाला बोलू. 'मी नदी बोलतेय' असा विषय दिला की 52 नद्या एकाच सुरात बोलायला लागतात, कारण गाईड सगळ्यांकडे एकच. पावसाळा लिहा म्हटलं तर सगळीकडे हिरवागार गालिचा, आणि त्या वर्षी आमच्याकडे टँकर चालू होता.

पोरांना तरी काय बोलायचं, दहावीला 80 मार्कांच्या पेपरात 24 मार्क उपयोजित लेखनाला, पत्राचा मायना चुकला की मार्क गेला, मग पोरं ठरलेलं लिहितात आणि आम्हीही ठरलेलंच शिकवतो, असं ते चालतं. ट्रेनिंगला जाऊन आलं की दोन दिवस बरं वाटतं, फाईल मिळते, जेवण चांगलं असतं, तिसऱ्या दिवशी परत तीच वही आणि तोच गालिचा.

मला खरं चार्जिंग मिळतं ते खोडलेल्या वहीतून. हसू नका. ज्या पानाला खोडून खोडून भोक पडलंय ते पान मी आधी वाचते, उजेडाकडे धरून. एकीने लिहिलेलं, 'माझे पप्पा खूप प्रेमळ आहेत'. मग 'खूप' खोडलं आणि वर लिहिलं 'कधीकधी'. बास. त्या एका शब्दासाठी त्या पोरीने किती वेळ पेन चावलं असेल! मी त्या वहीवर लाल पेन लावलंच नाही, नुसती सही केली.

तसंच एसटीचं. रोज 40 मिनिटांचा प्रवास, मोबाईलला रेंज नाही, मग कान उघडे. परवा एक आजी धावत येऊन चढल्या, कंडक्टर म्हणाला तिकीट, तर म्हणतात, "थांब बाबा, मी आली पण श्वास अजून स्टँडवरच हाय." मी ते तिकिटाच्या मागं लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर. धावपळ लिहायची तर अशी लिहा म्हटलं, 'माझी खूप धावपळ झाली' असं नको.

पण मला खरा धडा दिला तो एका ऊसतोडीच्या पोराने. आमच्याकडं दिवाळी झाली की बीडकडनं टोळ्या येतात, पोरं आमच्या वर्गात बसतात, पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की परत गावाकडं. 'माझे घर' हा विषय होता. याने लिहिलं, 'आम्ही कोपीत राहतो.' मी आपलं लाल गोल केलं आणि वर लिहिलं 'कोपऱ्यात'. केवढी मी हुशार! मधल्या सुट्टीत आला, खाली बघत म्हणाला, "बाई, कोपऱ्यात न्हाई. कोपीत." कोपी म्हणजे त्यांची झोपडी, बांबू आणि पाचटाची, आत शिरायचं तर वाकावं लागतं. 19 वर्षं त्या कोप्या मी एसटीच्या खिडकीतून बघतेय, आणि शब्द माहीत नव्हता. मग त्याने अजून सांगितलं, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, उसाचा शेंडा म्हणजे वाढं, ते विकून आई मीठमिरची आणते. म्हटलं, हे लिही रे. दीड पान लिहून आणलं. ऱ्हस्वदीर्घ सगळं उलटंपालटं, पण गालिचा एकही नाही! मी माझा तो गोल व्हाइटनरने पुसला, मुख्याध्यापकांनी विचारलं हे काय, म्हटलं चूक माझी होती.

अशा वेळी मला मुक्ता साळवे आठवते. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली, 14 वर्षांची पोर, 1855 साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात छापून आला. आपल्याच माणसांचं, आपल्याच डोळ्यांदेखतचं. तो पहिल्यांदा हातात पडला तेव्हा सावित्रीबाईंना काय वाटलं असेल, हा विचार मी वह्यांचा गठ्ठा उचलताना करते. गठ्ठा हलका होत नाही, पण उचलला जातो.

आणि साने गुरुजी! अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, दैनिक बरं का. मी जिन्याखालच्या बोर्डावर आठवड्यातून एकदा पोरांचा एक कागद लावते तरी टाचण्या संपल्या म्हणून चिडचिड करते. आता मात्र टाचण्या पोरंच आणतात, कारण आपला कागद लागला की घरचे बघायला येतात. त्या कोपीवाल्याची आई आली होती, वाचता येत नाही तिला, पोरगा बोट ठेवून वाचत होता आणि ती मध्येच म्हणाली, "वाढ्याचं पण लिव्हलं व्हय रं?"

तर आता सोमवारी मी सातवीला नवीन काम दिलंय, घरातले आवाज लिहून आणा. गेल्या वर्षी एकाने लिहिलेलं, 'आमचा फॅन कटकट करतो, पण लाईट गेली की त्याचीच आठवण येते.' म्हणून ऐकणाऱ्या आईबापांना एक विनंती, तुमचं कार्टं कुकरजवळ कान लावून गप उभं दिसलं ना, तर लगेच धपाटा घालू नका. गृहपाठ चाललाय त्याचा. फक्त जरा लांब उभं करा, शिट्टी होईपर्यंत.