रविवारची शाळा, फिलाडेल्फियाची

श्रोतेहो, नमस्कार. ज्यूंचा पवित्र वार शनिवार. मग अमेरिकेतल्या ज्यू मुलांची धर्माची शाळा रविवारी का भरू लागली?

त्यासाठी फिलाडेल्फियाला जायला हवं. तिथं रविवारी सगळं बंद, आणि ख्रिस्ती मंडळींच्या संडे स्कूलमध्ये मात्र मुलांची गर्दी. पैसेवाल्या ज्यूंच्या घरी शिकवायला मास्तर येत. गरिबाच्या पोराला कोण शिकवणार? मिशनरी तयारच होते! हे ओळखलं रिबेका ग्राट्झबाईंनी. सुखवस्तू घरच्या, अविवाहित, समाजकार्यात मुरलेल्या. ४ मार्च १८३८ रोजी, स्वतःच्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी, त्यांनी हिब्रू संडे स्कूल उघडलं. हिब्रू म्हणजे ज्यूंची धर्मभाषा. समोरच्यांचीच तऱ्हा उचलली, पण आपला धर्म टिकवायला. फी नाही, मुलगे-मुली एकत्र. शिकवणाऱ्या सगळ्या बायका, आणि त्याही बिनपगारी. धर्म शिकवणं हे तोवर पुरुषांचं काम, हे लक्षात घ्या.

पण पुस्तकं कुठून आणायची? सुरुवातीला ख्रिस्ती पुस्तकंच घेतली आणि न चालणाऱ्या ओळींवर कागदाचे तुकडे चिकटवले. ग्राट्झबाईंच्या नात्यातल्या रोझा मॉर्डेकाय यांनी लिहून ठेवलंय, की मुलं त्या कागदाखालचं वाचायची नाना खटपट करत. करणारच की!

आपल्याकडे त्याच सुमारास, १८३२ साली, मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंनी, हिब्रू घेतलं, बाप्तिस्मा मात्र बहुतेकांनी टाळला.

ग्राट्झबाईंच्या शाळेत सगळं इंग्रजीतून, प्रश्नोत्तरं पाठ करून. हिब्रू जेमतेमच. माझ्या मते ही मोठीच उणीव. पुढे १८८१ नंतर पूर्व युरोपातून लाखो ज्यू आले, ते आपली हेदर घेऊन. हेदर म्हणजे एका खोलीतली पाठशाळा: समोर मेलामेद, म्हणजे पंतोजी, आणि सरकारी शाळेतून दमून आलेली पोरं. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये सॅमसन बेंडर्ली यांनी ज्यू शिक्षणाचं कार्यालय हाती घेतलं. मूळचे डॉक्टर, पण डॉक्टरकी सोडून यात पडले. चित्रं, गाणी, नवे तरुण शिक्षक त्यांनी आणले, मुलींच्या शिक्षणाकडेही लक्ष दिलं.

आणि १९२२ साली न्यूयॉर्कमध्येच बारा वर्षांची ज्युडिथ कॅप्लन प्रार्थनामंदिरात सर्वांसमोर उभी राहून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचू लागली. वयात येणाऱ्या मुलग्यांचा असा सोहळा होत असे, मुलीसाठी मात्र तो अमेरिकेत नवाच होता. फक्त तिला तोराच्या पवित्र गुंडाळीपासून जरा दूर उभं केलं होतं, आणि वाचायला तिचं स्वतःचं छापील पुस्तक होतं.