मोडक्या चाकूची साक्ष

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून)

निमंत्रणपत्रिकेवर 'चेटकिणींच्या गोष्टी' असं छापलंय, म्हणून पुढच्या दोन रांगा बालगोपाळांनी भरल्यात. पोरांनो, झाडूवर बसून कोणी येणार नाहीये. मी विषय कळवला होता 'सेलमचे खटले आणि साक्षीपुरावा'. असो. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केली, ऐनवेळी कलम बदलण्याची सवय आहे.

तर १६९२, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. तिथं चेटूक केल्याच्या आरोपावरून लोकांवर खटले चालले. आधी एक दुरुस्ती. चेटकिणी म्हणून लोकांना जाळलं असं आपण समजतो, पण तिथं कोणालाही जाळलं नाही. कायदा इंग्लंडचा, त्यात चेटकाला शिक्षा फाशीची, त्यामुळे १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी नावाचे म्हातारबुवा खटला चालवून घ्यायलाच तयार होईनात, त्यांना अंगावर दगड रचून मारलं. त्यांच्याकडे परत येतो.

मला सांगायचंय ते सारा गुडबद्दल. दारोदार मागून खाणारी, कोणी हाकललं की पुटपुटत जाणारी बाई. अशी बाई प्रत्येक गावात असते आणि गावाला ती नकोच असते. तिचा खटला चालू असताना फिर्यादीकडच्या एका मुलीला झटका आला. शुद्धीवर येऊन म्हणते, हिनं माझ्या छातीत चाकू खुपसला, खुपसताना पातं मोडलं. मुलीची झडती घेतली, तर खरंच पात्याचा तुकडा निघाला! कोर्ट गार. तेवढ्यात एका तरुणाला पुढे बोलावलं. त्यानं खिशातून मूठ आणि उरलेलं पातं काढलं. जोडून पाहिलं, तंतोतंत जुळलं. तो म्हणाला, चाकू काल माझ्याच हातून मोडला, तुकडा मी फेकला, तेव्हा ही मुलगी तिथंच उभी होती.

आता खोटा पुरावा याहून उघडा कसा पडायचा? आमच्या उमेदवारीच्या काळात एक पंच होता, दर पंचनाम्यावर त्याचीच सही. मी विचारलं, घराचं दार कुठल्या दिशेला? म्हणाला, "साहेब, रात्र होती." पंचनामा दुपारी दोनचा! (हशा) त्याची साक्ष तिथंच संपली. सेलमला न्यायाधीशांनी काय केलं? खोटं बोलू नकोस, अशी मुलीला समज दिली, आणि पुढे तिचीच साक्ष घेत राहिले. सारा गुडला १९ जुलैला फासावर चढवलं. तिची चार-पाच वर्षांची पोर महिनोन्‌महिने तुरुंगात होती, हेही जाता जाता. बॉस्टनच्या रॉबर्ट कॅलेफ या व्यापाऱ्यानं हा चाकूचा किस्सा लिहून ठेवला, म्हणून आपल्याला माहीत. आरोपीला वकील नव्हता. उलटतपासणी करायची तर तिची तिनं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय पाच मिनिटांत! बरं.

मुख्य पुरावा होता, मी त्याला छायापुरावा म्हणतो. हिचं रूप रात्री आलं, मला चिमटे काढून गेलं. ते रूप दिसणार फक्त तक्रार करणाऱ्याला. मी तेव्हा घरी होते म्हणावं, तर देह घरी होता, छाया आली होती. बचावच संपला. कबूल केलं आणि कबुलीवर टिकून राहिलं तर जीव वाचायचा, नाकारलं तर फास. रेबेका नर्स, ७१ वर्षांची, ज्युरीनं निर्दोष म्हटलं होतं. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी तिच्या एका वाक्यावर बोट ठेवून ज्युरीला फेरविचार करायला लावला. त्या वाक्याचा खुलासा विचारला, बाईला ऐकू कमी यायचं, ती गप्प राहिली. गप्प म्हणजे दोषी.

आणि माझा मुद्दा हा. आपण अंधश्रद्धेला दोष देऊन मोकळे होतो. पण ऑक्टोबरात गव्हर्नर फिप्सनी ते न्यायालय बरखास्त केलं. जानेवारी १६९३ मध्ये नवं बसलं, त्यानं छायापुरावा बाद केला. पन्नासएक जणांपैकी तिघंच दोषी ठरली, त्यांचीही फाशी टळली. गाव तेच, भुताखेतांवरचा विश्वास तोच, न्यायाधीशही बरेचसे तेच. तीन महिन्यांत फक्त पुराव्याचा नियम बदलला होता.

जाइल्स कोरी राहिलेच. शिवाय निर्दोष सुटलेल्यांनाही तुरुंगातल्या खाण्यापिण्याचे पैसे भरल्याशिवाय सोडत नव्हते, तेही सांगायचं होतं. पण मागून चहाची खूण झालीय, प्रश्न तिथंच विचारा.