बैलाला विचारायचं कसं?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'जनावराचं मन : तीन कसोट्या'. तिन्ही सांगणार आहे. पण सांगली जिल्ह्यात बैलावर बोलायला उभं राहिलं की समोरच्या प्रत्येक रांगेत एकजण तरी असा बसलेला असतो, की ज्याचा बैल 'फक्त बोलायचाच बाकी आहे'. त्याच्या शेजारचा म्हणतो, 'जनावर ते जनावर, त्याला काय कळतंय.' दोघं चहाला एकाच टपरीवर जातात आणि तिथं तासभर भांडतात. माझी तक्रार दोघांबद्दल सारखीच आहे. दोघांपैकी एकानंही बैलाला विचारलेलं नसतं.

आता विचारायचं म्हणजे काय, नंदीबैलाला विचारतात तसं? 'यंदा पाऊस पडेल का, सांग पाटलाला', की गुबूगुबू वाजतं, बैल मान हलवतो, आयाबाया पसाभर धान्य घालतात. हसू नका, नंदीबैलवाल्याला त्यातली गोम पक्की माहीत असते. कासऱ्याची ओढ आणि वाद्याचा आवाज हीच त्याची विद्या. फसवणूक कोणाचीच नाही, खेळ आहे. खरी गंमत जिथं मालकालाच गोम माहीत नसते तिथं होते, आणि ती बर्लिनमध्ये झाली.

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणितमास्तर. त्यांचा घोडा हान्स. मास्तरांनी त्याला वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं करून शिकवलं. (निवृत्त मास्तर सभागृहात बरेच दिसताहेत, म्हणून सांगतो, गोठ्यात फळा लावायच्या आधी पुढचं ऐका.) हान्स बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारीख, घड्याळ, सगळ्याची उत्तरं उजव्या पायाचा खूर आपटून द्यायचा. 1904 साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं चौकशी समिती बसली. तिच्यात सर्कसवाला होता, पशुवैद्य होता, घोडदळातला अधिकारी होता, शाळामास्तरही होते. समितीनं निकाल दिला, लबाडी काही नाही. आणि ते खरंच होतं! मास्तर दमडी घेत नव्हते, आणि ते समोर नसतानाही घोडा परक्यांना बरोबर उत्तरं देत होता. आपल्याकडं एवढ्यावर देऊळ बांधलं असतं.

पुढचं काम श्टुम्फचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यानं केलं, आणि कसं केलं ते नीट ऐका, कारण गोठ्यात तेच करायचंय. त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नाही, अशी व्यवस्था केली. आकड्यांची पाटी अशी धरायची, की ती घोड्याला दिसावी, माणसाला नाही. लगेच हान्सचं गणित कोसळलं. मग घोड्याच्या डोळ्यांना मोठी झापडं लावली, म्हणजे माणूस दिसू नये. पुन्हा चुका. हान्स मान वळवून, धडपडून माणसाकडं बघायला जायचा. फुंग्स्टला तो चावलाही. घोड्याच्या बाजूनं विचार केला तर चावणं रास्तच, उत्तरपत्रिकाच काढून घेतली होती त्याची.

उलगडा असा. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडं बघायला किंचित वाकतो. घोडा आपटायला लागतो. बरोबर आकडा आला की माणसाचा ताण सुटतो, डोकं केसभर वर जातं. घोडा थांबतो. फुंग्स्टनं मग स्वतःच हान्सची जागा घेतली. समोरच्यानं मनात आकडा धरायचा आणि यानं टेबलावर हात आपटायचा. 25 जणांवर हा प्रयोग केला, दोघे सोडले तर सगळ्यांच्या डोक्यानं उत्तर फोडलं. आणि कुणालाही आपण हललो हे कळलं नव्हतं.

आपल्या खरसुंडीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. पण ज्याचा भाव चाललाय तो खिलार खोंड मालकाचा खांदा, पाय, श्वास, सगळं उघड्यावर वाचत असतो. त्याच्यासाठी रुमाल कुणी धरत नाही.

फुंग्स्टचं पुस्तक 1907 साली निघालं आणि मग दुसरंच टोक गाठलं गेलं. 'घोड्याला गणित येत नाही' यावरून पंडितांनी 'घोड्याला काही येत नाही' असा अर्थ काढला. अरे, माणसाच्या मानेची एवढीशी हालचाल पकडणं हे काय कमी काम आहे? मास्तर मात्र शेवटपर्यंत ऐकले नाहीत, घोडा घेऊन गावोगाव फिरत राहिले.

कुत्र्याचंही थोडक्यात सांगतो. चप्पल फाडली की कुत्रं कान पाडून, नजर चोरून बसतं, आपण म्हणतो 'केलेलं कळतंय त्याला'. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्लेला नसतानाही मालकाला 'खाल्ला' असं सांगून रागवायला लावलं. अपराधी चेहरा खाण्यावर अवलंबून नव्हता, रागवण्यावर होता, आणि निर्दोष कुत्र्यांचाच जास्त पडला. घरात ज्यांना उगाच बोलणी बसतात त्यांना हे...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग कसोट्या पळवतो.

पहिली, अंतर, म्हणजे जनावर माणसाला किती बुजतं ते. वैरण खाणाऱ्या जनावरासमोर दोन मीटरवर उभं राहा. हात पंचेचाळीस अंशात पुढं, पंजा पालथा, सेकंदाला एक पाऊल. नजर डोळ्यांत नको, नाकपुडीवर ठेवा. जनावर मागं सरलं किंवा मान फिरवली, की हात आणि नाकपुडी यांतलं अंतर मोजा. दावणीला आखूड बांधलेलं असेल तर मागं सरायची सोय नसते, मग मान फिरवणंच धरायचं, नाहीतर भेदरलेलं जनावर 'गरीब' ठरतं. हे मालकानं एकदा, परक्यानं एकदा करायचं. गाई त्रास देणारा माणूस लक्षात ठेवतात, आणि ओळखताना कपड्यांच्या रंगाचाही आधार घेतात. म्हणून ज्या शर्टात सुई टोचायला जाता त्याच शर्टात अंतर मोजू नका.

दुसरी, डोळ्याचं पांढरं. नॉर्वेत 2002 साली भुकेल्या गाईंपैकी काहींना वैरण दिली, काहींसमोर भोकं पाडलेल्या पारदर्शक झाकणाची पेटी ठेवली. वैरण दिसते, वास येतो, तोंड पोचत नाही. या दुसऱ्या गाईंच्या डोळ्यांतलं पांढरं जास्त दिसायला लागलं. पण हे माप खळबळीचं आहे. नुसत्या डोळ्यावरून राग की भीती ते ठरत नाही, कान आणि शेपूटही बघावी लागते. शर्यतीच्या फोटोत पांढरे डोळे बघून 'काय जोश आहे' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

तिसरी माझी आवडती, आणि तिलाच वेळ उरला नाही. कॅनडात 2013 साली वासरांना पडद्यावरचे दोन रंग शिकवले, लाल आणि पांढरा. एकाला नाक लावलं की दूध, दुसऱ्याला लावलं तर दूध नाही आणि वर थांबण्याची शिक्षा. पक्कं झाल्यावर मधल्या गुलाबी छटा दाखवल्या. जवळ जावं की नाही, हे वासराचं वासरानं ठरवायचं. (हो, गुरांना लाल आपल्यासारखा दिसत नाही, पण पांढऱ्यापेक्षा गडद दिसतो, तेवढं पुरतं.) मग शिंगं वाढू नयेत म्हणून शिंगांच्या कळ्या तापल्या सळईनं डागल्या. त्यानंतर तीच वासरं गुलाबीला नाक लावायला कचरू लागली, म्हणजे दुखत असताना अर्धवट खुणेतून त्यांना दुधाची आशा वाटेना. त्यांना काही होतं की नाही, या प्रश्नाचं हे उत्तर आहे, आणि यात माणसाच्या मानेनं चुगली केलेली नाही.

म्हणून ज्यांच्याकडं संकरित कालवडी आहेत त्यांना एवढंच सांगतो. कळ्या दोन महिन्यांच्या आत डागा, तोवर त्या कवटीला चिकटलेल्या नसतात. आधी डॉक्टरकडून बधिरतेची सुई, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचा बुंधा यांच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना. सुई दिल्या दिल्या सळई लावायची घाई होते. दहा मिनिटं थांबा, कळीपाशी टोचून बघा, झटका नाही आला तरच पुढं. ही बधिरता दीड-दोन तासांत उतरते आणि खरी आग तेव्हा सुरू होते, म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मागून घ्या. डायक्लोफिनॅक नको. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

अध्यक्ष उभे राहिलेत. बेंदराला बैलाच्या कपाळावर गुलाल लावावा का, असा एक प्रश्न आधीच आलाय. लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. पुढचा प्रश्न.