बर्फाळ पाण्यातला रिट्रिव्हर

मंडळी, बर्फाळ पाण्यात बदकाच्या शिकारीसाठी कुत्रा तयार करायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो त्याच्या जॅकेटचा. मी मात्र आधी शिटीबद्दल बोलणार. शिटी वाजली की कुत्रा असेल तिथे थांबला पाहिजे, समोर बदक फडफडत का असेना. ही शिस्त उन्हाळ्यातच लावायची. आधी जमिनीवर, मग पाण्यात. बदक दिसलं की रिट्रिव्हर, म्हणजे मारलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा, धोक्याचा हिशेब करत बसत नाही. तो हिशेब आपण करायचा.

हिशेब कसला, तर काठाचा. काठालगत बर्फ धरलेला असतो आणि मध्ये पाणी मोकळं. कुत्रा बदक तोंडात धरून परत येतो, बर्फाच्या कडेवर पुढचे पंजे टेकवतो. कड मोडते. पुन्हा टेकवतो, पुन्हा मोडते. मोडली नाही तर नखं घसरतात, कारण मागच्या पायांखाली नुसतं पाणी. त्यात प्रवाह असेल तर तो बर्फाखाली ओढला जायची भीती. म्हणून पक्षी यायच्या आधीच बर्फ फोडून घ्यायचा. मोठे तुकडे करून शेजारच्या बर्फाखाली सरकवायचे आणि काठापर्यंत बाहेर यायची वाट मोकळी ठेवायची. चुरा तिथेच तरंगत राहिला तर पाय कापतात, शिवाय तो पुन्हा गोठतोच.

जखमी बदक दूरच्या कच्च्या बर्फावर जाऊन बसलं, तर कुत्रा सोडायचा नाही. पक्षी गेला तर गेला. आणि कुत्रा अडकलाच, तर त्याच्यामागे धावू नका. माणसाला चालायला किमान ४ इंच घट्ट, पारदर्शक बर्फ लागतो. कुत्र्याखाली मोडलेला बर्फ आपल्याला काय पेलणार! होडी आणि दोर आधीपासून हाताशी हवेत.

आता जॅकेट. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. निओप्रीनचं, म्हणजे ऊब धरणाऱ्या रबरी कापडाचं, जॅकेट अंगाला चिकटून बसलं तरच उपयोगाचं. सैल असेल तर आत पाणी भरतं. पुढच्या पायांमागे बोट घालून बघा, कातडी तिथेच सोलवटते. चेसापीक बे रिट्रिव्हर या जातीची तेलकट दुहेरी लव अशाच थंड पाण्यासाठी नावाजलेली, पण म्हणून त्यालाही ओल्या अंगाने वाऱ्यात बसवायचं नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाण्याबाहेर, आडोशाची उंच फळी द्या.

कुत्रा कुडकुडतोय तोवर शरीर झगडतंय. कुडकुडणं थांबून तो सुस्तावला, पाय लटपटले, तर शिकार तिथेच बंद. पुसा, गरम जागी न्या, पशुवैद्याला गाठा.

दुसऱ्या दिवशी शेपूट बुंध्यापासून लुळी लोंबताना दिसली तर मोडली असं समजून घाबरू नका. थंड पाण्यात फार पोहल्यावर तिचे स्नायू दुखावतात. विश्रांती दिली की बहुधा काही दिवसांत ती पुन्हा हलू लागते. तोवर मात्र पाणी बंद.